भागुजी ओहोळची जागा

"मेलेल्या माणसाची माफी जित्या माणसानं कशी मागायची, तेवढं सांगा पाळकसाहेब. मग मी मागतो."

शद्रक ओहोळ दारातच उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नव्हता. रविवारची उपासना नुकतीच आटोपली होती, चर्चच्या मागच्या खोलीत पंच कमिटीची बैठक चालली होती आणि टेबलावरच्या चहावर साय धरली होती. कुणी कपाला हात लावला नव्हता.

"माफीचा प्रश्न नंतरचा," भांबळ गुरुजी म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "भागुजी वारला तेव्हा तो मंडळीबाहेर होता. मंडळीबाहेरच्या माणसाला मंडळीच्या कबरस्तानात जागा नाही. हा नियम काही मी काढलेला नाही."

"आन् कबरस्तानाला भिंत कुणी बांधली? कुलूप कुणी लावलं?"

"शद्रक, जरा दमानं घे," मी म्हणालो.

"दमच धरलाय साहेब, इतकी वर्षं. आता तिकडं मशीन येणाराय. दम धरला तर बाप रस्त्याखाली जाईल."

तो गेला. बाकीचे पंच गुरुजींकडं बघायला लागले. त्यांच्यातले दोघं तर गुरुजींच्याच हाताखाली बाराखडी शिकलेले. "गुरुजी म्हणतील तसं," एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि बैठक संपली. मला कमिटीत मत द्यायचा अधिकार नव्हता. पाळक म्हणजे मंडळीचा मेंढपाळ असं पुस्तकात असतं. आंबेदरा गावच्या या मंडळीत मात्र मेंढपाळाला कळपाला विचारून चालावं लागे.

मी तेव्हा नवा होतो. धर्मशिक्षण पुरं करून, दीक्षा घेऊन, नगर जिल्ह्याच्या एका टोकाला असलेल्या या मंडळीत पहिल्याच नेमणुकीवर आलो होतो. दगडी चर्च, मागं कौलारू पाळकघर, आणि गावाबाहेर ओढ्याच्या कडेला भिंतीतलं कबरस्तान. भागुजी ओहोळची हकिगत मला आल्या आल्याच कळली होती. एका उन्हाळ्यात गावात तापाची साथ आली. शद्रकचा मुलगा सुगंध त्या तापात सापडला. डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या. शेवटी आजोबा, म्हणजे भागुजी, अनवाणी डोंगरावरच्या देवीला गेला आणि नातवासाठी नवस बोलून आला. नातू वाचला नाही. पंच कमिटीनं भागुजीला मंडळीतून काढलं. त्याच वर्षीच्या थंडीत तोही गेला. मंडळीतल्या कुणी खांदा दिला नाही. शेजारच्या वस्तीवरच्या चौघांनी तिरडी उचलली आणि शद्रकनं बापाला स्वतःच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली पुरलं.

तेव्हापासून शद्रक चर्चच्या आत पाऊल टाकत नव्हता. पण येणं सोडलं नव्हतं. दर रविवारी तो बाहेरच्या पायरीवर बसून सगळी उपासना ऐकायचा आणि आशीर्वाद व्हायच्या आत उठून जायचा.

आता नवा रस्ता त्याच्या बांधावरून जाणार होता. मोजणीवाले येऊन खुणा करून गेले होते. रस्त्याच्या साहेबानं सांगितलं होतं, कबर हलवायची तर वेळेत हलवा, काम सुरू झालं की आम्ही थांबणार नाही. शद्रकचं मागणं एवढंच होतं, की बापाची हाडं कबरस्तानात सुगंधशेजारी ठेवू द्यावीत.

मला वाटलं, हे काम आपलंच. कॉलेजात मी यहेज्केल संदेष्ट्यावर निबंध लिहिला होता. तो मार्गदर्शकांना आवडलाही होता. तिकडं बाबेलच्या बंदिवासात बसलेले यहुदी लोक म्हणत असतात, आमची हाडं वाळली, आशा संपली. आणि देव त्यांना सांगतो, मी तुमच्या कबरा उघडीन, तुम्हांला तुमच्या भूमीत नेईन, तुमच्यातलं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन. या मंडळीला याहून नेमकं वचन कुठलं हवं होतं? मी त्याच संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"सलाम, गुरुजी."

"सलाम. बसा. रत्ना, पाळकसाहेब आलेत."

गुरुजींच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या. फार न बोलणारी बाई. गुरुजी शेंगा निवडत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. रविवारी माझ्या उपदेशातलं चुकलेलं लिंग-वचन ते नंतर मला हळूच सांगत. तसा माणूस प्रेमळ होता, हेच तर अवघड होतं.

"गुरुजी, यिर्मया संदेष्ट्यानं देवाच्या नव्या कराराबद्दल काय म्हटलंय?"

"जुन्यासारखा नसेल, असं म्हटलंय. नियम हृदयावर लिहीन, पापांची आठवण ठेवणार नाही." शेंग सोलत ते म्हणाले. "पुढं?"

"म्हणजे करार बदलला. जुना दोन बाजूंचा होता. तुम्ही पाळा, मी आशीर्वाद देतो. तो लोकांनी मोडला. नव्यात देव त्यांच्या पाळण्याची वाटच बघत नाही."

"करार एका बाजूचा कसा असेल पाळकसाहेब? मग त्याला दान म्हणा, करार कशाला म्हणता?"

"यहेज्केल उघडा. तुम्ही व्याकरण शिकवलंय, तुम्हीच बघा. मी पाणी शिंपडीन, मी हृदय देईन, मी आत्मा घालीन, मी तुम्हांला चालवीन. सगळ्या वाक्यांना कर्ता एकच आहे. माणसांकडं एक क्रियापद नाही."

गुरुजींनी हात थांबवला. त्यांना ते आवडलं, हे मला दिसलं. "आहे की. पुढं वाचा. तुम्हांला तुमचे दुष्ट मार्ग आठवतील, तुम्हांला तुमची किळस येईल. हे माणसांनीच करायचं आहे. पस्तावा."

"पण कधी? हृदय मिळाल्यावर! आधी नवं हृदय, मग पस्तावा. आपण उलट लावून ठेवलंय. आधी पस्तावा दाखव, मग हृदय देऊ. भागुजीला आपण तेच सांगितलं."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "क्रम तुम्ही म्हणता तसाच आहे."

मला उठून नाचावंसं वाटलं.

"मग?"

"मग काही नाही. भागुजीला नवं हृदय मिळालं होतं, हे तुम्हांला कुणी सांगितलं? त्याला पस्तावा झालेला मी पाहिला नाही. पस्तावा नाही म्हणजे हृदयही नाही. तुमच्याच क्रमानं सांगतोय." त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "खा. ओल्या आहेत."

मी घरी आलो तो पाय आपटत. सुमतीला, माझ्या बायकोला, सगळा संवाद ऐकवला. ती चुलीपाशी होती.

"म्हणजे त्यांना पटलं."

"पटलं! तेच तर. पटलं, आणि माणूस तसूभर हलला नाही."

"त्यांना वचन काय शिकवता? इथल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलंय. त्यांचं कशात अडलंय ते विचारा की कधी."

"शिस्तीत अडलंय. नियमात. दुसरं काय असणार?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी पुढच्या रविवारसाठी उपदेश लिहायला बसलो.

सलग काही रविवार मी तेच लावून धरलं. नव्या हृदयाचं वचन बंदिवासातून परतलेल्यांपुरतं नाही, ते ख्रिस्तात पुरं झालं, आणि प्रभुभोजनाचा प्याला उचलताना आपण जो नवा करार म्हणतो तो हाच, कृपेचा, असं सांगितलं. तुमच्यासाठी नव्हे, माझ्या पवित्र नामासाठी मी हे करतो, असं देव तिथं स्वच्छ बोलतो, हेही सांगितलं. लायकीचा प्रश्नच त्यानं मोडीत काढलाय. पहिल्या बाकावर गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. दाराच्या चौकटीतून शद्रकची पाठ दिसायची. आणि उपासना संपली की सगळे हात मिळवून म्हणायचे, "फार सुंदर बोललात पाळकसाहेब," आणि आपापल्या घरी जेवायला जायचे.

एकदा मी एका पंचाला गाठून सरळ विचारलं, "सुंदर होतं ना? मग शद्रकच्या बापाचं काय करायचं?"

"ते निराळं," तो म्हणाला. "ते कमिटीचं काम. त्यात वचन कशाला आणता?"

त्या दिवशी मी उपदेशाचे कागद कपाटात कोंबले आणि जेवलो नाही.

तरी पण थोडं हललं. एका रविवारी गुरुजी स्वतःहून म्हणाले, "फाटकाजवळचा कोपरा मोकळा आहे. तिथं ठेवायला माझी हरकत नाही. विधी करायचा नाही, प्रार्थना म्हणायची नाही. माती द्यायची आणि यायचं." मला तेवढंही आभाळाएवढं वाटलं. मी शद्रकला दम भरून ठेवला, आज पायरीवरून उठून जाऊ नकोस, गुरुजी तुझ्याशी बोलतील, तोंड सांभाळ. तो बरं म्हणाला.

गुरुजी बाहेर आले. काठी टेकवून उभे राहिले आणि जे मला सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं. शद्रकनं ऐकून घेतलं.

"कोपऱ्यात?"

"फाटकाजवळ."

"आन् प्रार्थना नाही."

"शद्रक," मी म्हणालो, "आधी बापाला आत तर येऊ दे, मग बघू."

"माझा बाप काय गाठोडं आहे का कोपऱ्यात सारायला?" त्याचा आवाज चढला. "सुगंधशेजारी ठेवला तर काय होतंय? तिथं तुमची पोरगी हाय म्हणून? ती बाटंल?"

पायऱ्यांवर उभी असलेली माणसं जागच्या जागी थबकली. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. ते छत्री घेतल्याशिवायच उन्हात चालू लागले. रत्नाबाई छत्री घेऊन मागून गेल्या.

"अरे मूर्खा!" मी शद्रकवर ओरडलो. पाळकाच्या तोंडी न शोभणारं आणखीही बोललो. "गेला महिनाभर मी डोकं फोडतोय, आणि तू एका वाक्यात सगळं पाण्यात घातलंस!"

"तुम्ही डोकं फोडताय ते दिसतंय साहेब," तो म्हणाला. "पण तुमचा बाप नाही ना तिथं."

तो निघाला. मी त्याला हाक मारून विचारलं, "गुरुजींची मुलगी कशी गेली?"

"त्याच तापात," तो न वळता म्हणाला. "सुगंधच्याच आठवड्यात."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कबरस्तानात लहान कबरी पुष्कळ होत्या. मी कधी नावं वाचली नव्हती.

मशीन ठरल्या दिवसाच्या आधीच आलं. सकाळी मी दात घासत होतो आणि ओढ्यापलीकडून घरघर ऐकू आली. सायकल काढून शेतावर गेलो तर बाभूळ आडवी झालेली, आणि शद्रक व त्याची बायको विमल मशीनपुढं जमिनीवर बसून हातांनी माती उपसत होते. ड्रायव्हर बिचारा इंजीन बंद करून बाजूला बिडी ओढत होता. "होऊ द्या त्यांचं," मला म्हणाला, "मी साहेबाला सांगतो बिघाड झालाय म्हणून. पण फार येळ नाही."

मी बाह्या सरसावून बसलो. कुदळीनं काम भरभर झालं असतं, पण शद्रक कुदळ लावू देईना. हाडं मऊ झाली असतील, लागेल, म्हणाला. कुणाला लागेल, हे मी विचारलं नाही. यहेज्केलाचं ते वाळलेल्या हाडांचं खोरं मी इतक्या वेळा वाचलं होतं, त्यावर बोललो होतो. खरी हाडं हातात आली तेव्हा मला त्यातलं एक वाक्य आठवेना. ती मातीच्याच रंगाची होती आणि हलकी होती. विमलनं आपलं लग्नातलं पांढरं लुगडं आणलं होतं. त्यात एकेक ठेवत गेली. मोठी हाडं खाली, लहान वर. शेवटी गाठ मारली.

आम्ही ओढ्यावरून कबरस्तानाच्या फाटकाशी आलो. कुलूप होतं. शद्रकनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि तो फाटकाला पाठ टेकून बसला.

"मी हलणार नाही," म्हणाला. "मेलो तरी."

"भिंतीवरून टाकू का आत?" विमल म्हणाली. ती चिडून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. मला ते सहन होईना.

मी किल्ली मागायला गुरुजींकडं गेलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवलं. कृपेबद्दल एक शब्द बोलणार नव्हतो. सरळ सांगणार होतो, की किल्ली द्या, नाहीतर कुलूप फोडतो, मग मला काढा, माझी वरिष्ठांकडं तक्रार करा, काय करायचं ते करा. मला सगळ्यांचाच वीट आला होता. गुरुजींचा, शद्रकचा, माना डोलावणाऱ्या पंचांचा, आणि माझ्या त्या सुंदर उपदेशांचा सगळ्यांत जास्त.

गुरुजी ओट्यावरच होते. माझे मातीचे हात त्यांनी पाहिले.

"काढली?"

"काढली. फाटकाशी बसलाय मांडीवर घेऊन. किल्ली द्या."

ते बसूनच राहिले. मी ठरवलेलं सगळं तोंडावर आलं होतं, पण का कोण जाणे, भलतंच विचारून गेलो. "गुरुजी, तुमचं कशात अडलंय?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग अगदी वर्गात सांगावं तसं सांगू लागले.

"भागुजी डोंगरावर निघाला ना, तेव्हा आधी इथं आला. या ओट्यापाशी. म्हणाला, गुरुजी, चला. दोन्ही लेकरांचं मागून येऊ. बघू तरी. माझी आत तापानं फणफणत होती. रत्नानं माझे पाय धरले. जाऊन या म्हणाली, देव काही एवढा मोजत बसत नाही. मी दार लावून घेतलं. आत बसून प्रार्थना करत राहिलो. मी एकाचंच नाव घेणार, दुसऱ्याच्या दारात जाणार नाही, असं म्हणालो. तो गेला, त्याचा नातू गेला. मी गेलो नाही, माझी मुलगी गेली."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"तुम्ही सांगता ते मला कळतं हो. क्रियापदं, कर्ता, सगळं कळतं. तुमच्याआधीपासून कळतं. पण मग त्यालाही तीच जागा आणि मलाही तीच? त्याचं जाणं आणि माझं न जाणं सारखंच? मग मी ते दार कशासाठी लावलं होतं पाळकसाहेब? तिची आई रडत होती तरी कशासाठी लावलं होतं? ते सांगा, आणि किल्ली घेऊन जा."

मी मनातल्या मनात यिर्मया चाळला, यहेज्केल चाळला, पौलाची पत्रं चाळली. उत्तरं होती, पण ती या माणसापुढं तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही.

"मला नाही सांगता येत, गुरुजी."

"हं," ते म्हणाले.

तेव्हा आतून रत्नाबाई बाहेर आल्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मी तुम्हांला कधी बोलले का त्यावरून?"

गुरुजी चमकले. "तेव्हा बोललीस. तुम्ही गेला असतात तर, म्हणालीस."

"त्या आठवड्यात बोलले. लेकरू गेलं होतं, तोंडाला येईल ते बोलले. पुढं बोलले का?"

"बोलली नाहीस. पण मनात..."

"मनातून केव्हाच काढून टाकलं मी ते. तुम्ही विचारलंत कधी? तुम्हीच धरून बसलात, आणि त्याला भिंत घातलीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तो म्हातारा माझ्या लेकीसाठीही नवस बोलून आला होता वर. दोघांची नावं घेऊन आला होता. मला सांगून गेला, गुरुजींना सांगू नका म्हणून. मला चुकीचं वाटलं असेल नसेल, पण माझ्या लेकीसाठी तेवढा डोंगर चढणारा तो एकच होता."

गुरुजी हातांकडं बघत राहिले. ते रडतील असं मला वाटलं, पण ते रडले नाहीत. उठले, आत गेले, किल्ली घेऊन आले. चपला घातल्या.

"मला पटलेलं नाही," मला म्हणाले. "हे ध्यानात ठेवा."

"बरं."

आम्ही दोघं गेलो. फाटकाशी शद्रक उठून उभा राहिला, गाठोडं छातीशी धरून. गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

सुगंधची कबर मागच्या भिंतीशी होती. तिच्यापलीकडं, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, दुसरी लहान कबर. मधल्या जागेवर चारी बाजूंनी दगड लावून ठेवलेले होते आणि गवत काढलेलं होतं. गुरुजींनी काठीनं तिथं खूण केली.

"इथं."

शद्रक हलला नाही. "ही जागा तुमची हाय गुरुजी. तुम्ही राखलेली. सगळ्या गावाला म्हाईतंय."

"सुगंधशेजारी हवाय ना तुला? दुसरीकडं जागा कुठंय? खण."

"मग तुम्ही?"

"मला कुठंही टाका." त्यांनी काठी उचलली. "प्रार्थनेला मी थांबणार नाही पाळकसाहेब. तेवढं नका सांगू मला."

आणि ते फाटकातून निघून गेले. आता निदान हे दोघं बोलतील, शद्रक धावत जाऊन त्यांचे हात धरील, असं मला फार वाटलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंही. तो खाली बघून दगड काढायला लागला. पुढं मी त्या मंडळीत होतो तोवर दोघं एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. ठरावाशिवाय दफन केल्याबद्दल वर तक्रार गेली आणि वर्षाच्या आत माझी बदली झाली. तक्रार गुरुजींनी केली नव्हती, एवढं मला नंतर कळलं.

खड्डा खोल लागला नाही. विमलनं गाठोडं आत ठेवलं. मी हात धुतले, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. भागुजीचं नाव घेतलं. पुनरुत्थानाची आशा, कबरा उघडण्याचं अभिवचन, सगळं म्हटलं. आवाज माझा मलाच कोरडा लागत होता. मग शेजारी निजलेल्या सुगंधचं नाव घेतलं आणि समाप्तीचे शब्द सुरू करणार तेवढ्यात शद्रकनं माझ्या बाहीला हात लावला.

"गुरुजींच्या पोरीचंबी घ्या साहेब. ती पलीकडंच हाय."

मी त्या कबरीकडं पाहिलं. दगडावरची अक्षरं पावसानं पुसली होती.

"काय नाव तिचं?"

शद्रकनं विमलकडं पाहिलं. विमलनं मान हलवली. त्यांना आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत गावात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

मी वाकून दगडावरची अक्षरं बोटानं चाचपायला लागलो. आणि भिंतीपलीकडून, आम्हांला न दिसणाऱ्या जागेवरून, गुरुजींचा आवाज आला.

"मधुलता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मधू म्हणायचो."

मी दोन्ही नावं घेतली आणि प्रार्थना पुढं चालू ठेवली.